दुःख नसलेल्या मुलीची साक्ष

वेचणीचे दिवस आले की मला अजूनही एका मंडळीचा राग येतो. चिखलीतल्या माझ्या घरासमोरून कापूस भरलेले ट्रॅक्टर जातात, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात, आणि सून चहाचा कप हातात धरून दारातून म्हणते, "आई, किती छान दिसतंय ना!" मी "हो" म्हणते. छान दिसतंच ते. पण मी तोंड फिरवून आत जाते. सत्तरी कधीच ओलांडली, दात गेले, नजर गेली. हेवा तेवढा शाबूत आहे.

मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांत देवळाची इमारत नव्हे, तिथं जमणारी माणसं. माझ्या माहेरी, उंद्रीला, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं, टाळ्या वाजवून प्रार्थना करणारी जी मंडळी आहे ती माझ्या आईच्या घरात जन्मली. आज तिला पक्की इमारत आहे, वर दोन कर्णे आहेत, रविवारी बाहेर मोटारसायकली मावत नाहीत. दरवर्षी वर्धापनदिनाला कोणीतरी उठून तिचा इतिहास सांगतं आणि तो नेहमी असाच सुरू होतो, की आपली मंडळी तीन बायांपासून सुरू झाली. तीन म्हणजे माझी आई, वेणू आणि वेणूची म्हातारी मावशी. चौथी मी होते. कंदिलाची काच राखेनं पुसून, वात कापून, तो कंदील मांडीशी धरून मी बसले होते. पण पोरीला कोण मोजतो? मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकते, आणि मला वाटतं उठावं आणि चारचौघांत सांगावं. उठत मात्र नाही.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी तेरा वर्षांची. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, जुन्या मिशनच्या शिस्तीत वाढलेले. त्यांच्या देवळात पेटीवर गाणं व्हायचं, एक जण प्रार्थना करायचा आणि बाकीचे "आमेन" म्हणायचे, तेही शेजाऱ्याची झोप मोडू नये इतक्या हळू. आई त्या देवळात मागच्या चटईवर पंधरा वर्षं गप बसली. त्या साली पोळ्यानंतर ती माहेरी गेली. तिकडे मांडव टाकून सभा चालल्या होत्या. तिथून परत आली ती बाई निराळीच होती. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, डोळे मिटायची आणि भलत्याच भाषेत भरभर बोलू लागायची. तव्यावरची भाकरी कोळसा व्हायची. पवित्र आत्मा उतरला की माणूस न शिकलेल्या भाषेत देवाशी बोलतो, असं ते लोक मानतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की माझी आई माझ्यासमोर कोणाशी तरी बोलतेय आणि त्यातलं एक अक्षरही माझ्यासाठी नाही.

"देव काही बहिरा नाही," बाबा एकदा जेवताना म्हणाले.

"तो बहिरा नाई," आई म्हणाली, "मीच मुकी होतो ना एवढी वर्सं."

बाबांनी ताटातली जळकी भाकरी उलटून पाहिली आणि खाल्ली.

आमचं तीन एकर शेत होतं आणि दोन खोल्यांचं घर. वेचणी सुरू झाली की मागच्या खोलीत कापूस यायचा, छताला लागायचा. मला ती खोली फार आवडायची. उन्हात तापून आलेल्या कापसाला एक कोमट वास असतो, सरकीचा, थोडा तेलकट. शाळेतून आलं की मी त्या ढिगात पाठीवर पडायची आणि आई चुलीपाशी बसून मला हाका मारायची. "काऊन वं, मेली का तिकडं?" मी मुद्दाम ओ द्यायची नाही. चार हाका झाल्या की ती स्वतः उठून यायची. तो माझा रोजचा खेळ होता.

त्याच खोलीत मंडळी भरू लागली. बाहेर भरवली असती तर लोक हसले असते. तसे ते हसतच होते. जुन्या मिशनचे लोक आम्हाला "टाळ्यावाले" म्हणायचे, गावातली पोरं दाराशी येऊन टाळ्या पिटून पळायची. आई म्हणायची, पिटू द्या, त्यांचेबी हात मोकळे होऊन राह्यले. दिवेलागणीला वेचणाऱ्या बाया शेतातून थेट यायच्या. कमरेला बांधलेली ओटी सुटलेली, बोटांना बोंडांच्या नखांनी पडलेले ओरखडे, केसांत कापसाचे पांढरे तंतू. त्या माझ्या ढिगाला टेकून बसायच्या. आई हाक मारायची, पण आता ती हाक मला नसायची.

वेणू त्यांतली पहिली. वीस-बावीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली, वेचायला वाऱ्यासारखी. इतर बाया एक ओळ संपवेपर्यंत तिची दीड व्हायची. ती आईला "माय" म्हणायची. खरं म्हणजे हळूहळू सगळेच तिला माय म्हणू लागले, म्हाताऱ्या बायासुद्धा. मी तेवढी "आई" म्हणायची, कारण बाबांना घरात शाळेची भाषा हवी असायची. माझ्याच आईला मी सोडून सगळं गाव माय म्हणतंय, हे मला फार लागायचं. शनिवारी आई माझ्या डोक्याला तेल लावायची. एका शनिवारी पाहते तर उंबऱ्यात वेणू बसलेली, आणि आई तिच्या केसांतून फणी फिरवतेय. मला म्हणाली, "तू मोठी झाली. आपल्या हातानं घाल वेणी."

मी घातली. इतकी घट्ट घातली की कपाळ दुखायला लागलं.

मंडळीची पहिली मालमत्ता कुठली, ते इतिहासात सांगत नाहीत. ती एक गादी होती. आईनं असं ठरवलं, की वेचणीच्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या कापसातली पहिली मूठ देवाची म्हणून बाजूला काढायची. दिवाळीनंतर चार-सहा आठवड्यांत त्या मुठींचं एक बोचकं झालं. मग पिंजारी आला, अंगणात धनुकली ताणून त्यानं दिवसभर कापूस पिंजला, आणि आई-वेणूनं मिळून निळ्या चौकड्याच्या खोळीत ती गादी शिवली. आजारी माणूस प्रार्थनेला आला तर जमिनीवर कसा निजवायचा, म्हणून. ती पसरायला मागच्या खोलीतला खिडकीकडचा कोपरा रिकामा केला. तो माझा कोपरा होता. माझी पाटी, माझी पुस्तकांची पत्र्याची पेटी, माझी गोधडी, सगळं उचलून वेणूनं चुलीमागं नेऊन ठेवलं. नीट रचून ठेवलं, याचा मला जास्त राग आला.

घरात तान्हं आलं की थोरल्या लेकराची मांडी जाते. मला धाकटं भावंड नव्हतं. मंडळी हेच माझं धाकटं भावंड. तिला दात आले, ती रांगायला लागली, तिच्या पायात वाळे वाजले, आणि सगळं घर तिच्यामागं धावत सुटलं. मी थोरली, म्हणून शहाण्यासारखं वागायचं.

मला नेमकं काय हवं होतं, ते आता लाज सोडून सांगते. सभेत आई एकेकाला पुढं बसवायची, उजवा हात डोक्यावर ठेवायची, त्याचं नाव घ्यायची आणि देवाकडे रडायची. अक्षरशः रडायची, ज्याच्या डोक्यावर हात त्याचं दुःख जणू तिचंच. तो हात निघाला की माणूस हलका होऊन उठायचा. वेणूवर तो हात दर आठवड्याला. तिच्या मावशीवर, कोणाच्या तापल्या पोरावर, एकदा तर कोणाच्या अडलेल्या म्हशीसाठी तिच्या दाव्यावरही. माझ्यावर कधीच नाही. मला तो हात हवा होता, सगळ्यांच्या देखत, माझं नाव घेऊन.

पण हात मिळायचा तर दुःख लागायचं, आणि तिथंच माझं घोडं पेंड खात होतं. आमच्या सभेत साक्ष द्यायची रीत आहे. माणूस उभं राहतं आणि आपण कसे होतो, देवानं काय केलं ते सांगतं. वेणूची साक्ष ऐकून दगडालाही पाझर फुटला असता.

"मले नवऱ्यानं टाकलं," ती सांगायची. "बाप म्हने, इकडं येऊ नको. मी इहिरीच्या काठावर बसून होतो. मायनं घागर भरली अन् म्हने, वेचाले येतं का वं? बस, तेवढंच म्हने. देवाचं नावबी नाई काढलं. मी उठलो."

बाया पदराला डोळे लावायच्या. आई तिच्याकडे अशा नजरेनं पाहायची की मला खोलीतून उठून जावंसं वाटायचं. माझ्याकडे काय होतं? दोन वेळची भाकरी, शाळा, पत्र्याची पेटी, न मारणारे बाबा. मी जन्मानंच ख्रिस्ती, मला कशातून सोडवणार? त्या खोलीत ज्याचं दुःख मोठं त्याचा मान मोठा, आणि मी तिथली सगळ्यांत गरीब होते.

मार्गशीर्षात, वेचणी भरात असताना, मी उभी राहिले. पाय थरथरत होते. लोकांना वाटलं आत्म्यानं थरथरतेय. मी सांगितलं, की वर्षभर माझं पोट दुखत होतं, इतकं की गुरासारखं लोळायची, पण आईला काळजी नको म्हणून बोलले नाही. आणि काल मी एकटीच त्या निळ्या गादीवर पडून देवाला हाक मारली आणि दुखणं सुरी ओढून घ्यावी तसं निघून गेलं. कुठून सुचलं कोण जाणे. खोलीत एकच गजर झाला. वेणूनं येऊन मला मिठी मारली. तिचे गाल ओले होते. मी तिच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं.

आई टाळ्या वाजवत नव्हती. जी बाई मी कूस बदलली तरी जागी व्हायची, तिला माझं वर्षभराचं पोट माहीत नसणार? ती नुसती बघत होती. मग तिनं पुढच्या बाईचं नाव घेतलं. आठ दिवस ती माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटलं पचलं. म्हणून मी दोन दिवस थोडी जास्तच भाकरी खाल्ली, बरं झालेलं पोट दिसावं म्हणून.

वेचणाऱ्या बायांच्या तोंडाला कोण फडकं बांधणार? आज या शेतात, उद्या त्या. उंद्रीची साक्ष ओळीओळीनं वेचली जात जानेफळला पोचली. एका दुपारी आमच्या अंगणात बैलगाडी उभी राहिली. गाडीत कडब्यावर कौसाबाई नावाची बाई, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ पांढरे. शेजारी तिचा नवरा.

"इथं पोटाचं दुखनं जाते म्हने," तो म्हणाला. "मास्तराच्या पोरीचं गेलं."

त्यांनी तिला आत आणलं आणि निळ्या गादीवर ठेवलं. वेणू पाणी आणायला धावली. आई गादीपाशी बसली, तिनं कौसाबाईच्या पोटाला हात लावला आणि काढून घेतला. मग माझ्याकडे वळली.

"तुह्यावरून आले ते. हात तू ठेव."

मी हललेच नाही. तिनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि माझा हात त्या पोटावर टेकवला. लुगड्यावरूनही चटका बसत होता, आणि खाली पोट पाटासारखं कडक. कौसाबाईनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तिला माझा विश्वास वाटत होता. आयुष्यात इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

"माझं पोट कधीच दुखलं नव्हतं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले."

दारात वेणू तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"मंग आमी सहा कोस काऊन आलो?" नवरा ओरडला.

त्याला उत्तर द्यायच्या आधी आईनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी गादीवरून कापसात गेले. "भवाने! कोनाच्या जिवाशी खेळून राह्यली? खाऊन खाऊन माजली! तुह्या तोंडात माती पडो!" आणखी बरंच. सगळ्यांच्या देखत, माझं नाव घेऊन. मग पदर खोचून ती त्या माणसाला म्हणाली, "भाऊ, गाडी जुपा. फाट्यावर चिखलीची एस.टी. भेटते. प्रार्थना मी गाडीत करतो, पन दवाखान्याले चला. संगं येतो मी."

गेली. चार दिवस आली नाही. दवाखान्यात ती त्या बाईच्या उशाशी बसून राहिली. आणि माझी जात बघा: मी गुन्हेगार, घरात तोंड लपवून बसलेली, आणि मला त्या कौसाबाईचा हेवा वाटत होता. चार दिवस, चार रात्री आई तिची एकटीची. वेणू आमच्याकडे भाकऱ्या करायला यायची. माझे केस विंचरायला आली तर मी फणी फेकून दिली.

पाचव्या दिवशी आई परतली. आतडं फुटायच्या बेतात होतं, डॉक्टरांनी कापून काढलं, बाई वाचली. मी धीर करून विचारलं, की तुला तेव्हाच कळलं होतं, मग सभेतच का नाही सांगितलंस?

"तवा सांगतलं असतं तं तू जलमभर खोटी राह्यली असती," ती पाय धूत म्हणाली. "वाट पाहत होतो, तू कवा सांगतं त्याची. पन उशीर केला मी. ते पाप माहं हाय." आणि त्या रात्री ती जेवली नाही.

संक्रांतीला कौसाबाई आणि तिचा नवरा तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आले आणि उभे राहून साक्ष देऊ लागले. काय म्हणावं? म्हणे, या पोरीची साक्ष कानावर आली नसती तर आम्ही घरातच अंगारे लावत बसलो असतो. म्हणून देवानंच तिच्या तोंडून ते वदवलं. मी उठून म्हणाले, "अहो, मी खोटं बोलले होते!" तर लोकांनी "हालेलूया" केलं. बाबा मागं दाराशी उभे राहून ऐकत होते; चष्म्याआड त्यांचे डोळे हसत होते. त्या दोघांच्या ओसरीवर जानेफळची मंडळी सुरू झाली, तिथून आणखी दोन गावं. मागची खोली पुरेना, मग अंगणात टिनाचं शेड पडलं. म्हणजे माझ्या हेव्यानं माझ्याच सवतीला खाऊपिऊ घातलं. ज्या धाकटीला मी ढकलायला गेले ती एका फटक्यात माझ्याहून उंच झाली.

हात मात्र राहिलाच. आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. हजारो डोक्यांवर तिचा हात पडला असेल. माझी तीन बाळंतपणं तिनं काढली, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात महिनाभर माझ्या घरी भांडी घासली, पण सभेत सगळ्यांसमोर मला पुढं बसवून, नाव घेऊन, नाही. मी मागितला नाही. मागून मिळालेला हात काय कामाचा, असा माझा ताठा.

ती गेली तेव्हा पाऊसकाळ सरत आला होता. कुठून कुठून माणसं आली. जानेफळचे आले, बीबी गावाकडचे आले, मी कधी न पाहिलेल्या बाया शवपेटीवर डोकं आपटून "माय, माय" म्हणत रडल्या. गर्दीत मला पेटीजवळ जागा मिळेना. एका तरण्या पोरानं तर मला मागं सरकवलं, "मावशी, जरा सरका, घरच्या लोकांले येऊ द्या." मी सरकले. कबरस्थानातून सगळे पांगल्यावरच मी परत फिरून एकटी कबरीपाशी गेले. तिथं वेणू होती. साठीची, वाळलेली, ओल्या काळ्या मातीत बसलेली.

मला वाटलं, इथंही हीच आधी.

तिनं वर पाहिलं. "शांते," ती म्हणाली, "एक सांगू का? मी तुह्यावर जळत होतो. जलमभर."

"माझ्यावर?"

"मले मायनं हात दिला, तेल लावलं, पोटाशी धरलं. पन कधी रागावली नाई वं. एक शिवी नाई देल्ली. मी एकदा मुद्दाम दुधाचं भरलं गंज सांडलं, तं म्हने, जाऊ दे वं बाई, लागलं तं नाई? अन् तुले त्या दिवशी कसं धपाटलं सगळ्यायसमोर! मी तांब्या घेऊन उभी होतो. वाटलं, आपल्याले असं कोनी मारावं. परक्याच्या लेकीले कोन मारते?"

मला काय वाटलं ते लपवत नाही. आधी आनंद झाला. आईची माती ओली, आणि तिच्यासमोर उभी राहून मी मनातल्या मनात फुगले. इतक्या वर्षांत कोणीतरी माझा हेवा केला होता, आणि तोही वेणूनं. देवानं त्याबद्दल मला क्षमा केली असेल तर बरं, नसेल तर तोही हिशेब मी देईन.

मग माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चिखलात रुतलेले, सुजलेले, आणि लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. घरी तिचं कोणी नव्हतं.

"ऊठ वं!" मी ओरडले. बाबांची शाळेची भाषा कुठं गेली कोण जाणे. "अक्कल गहान ठेवली का? चिखलात फतकल मारून बसली म्हातारी! ताप भरला तं कोन उशाशी बसन तुह्या? भवानी! सकाळपासून अन्नाचा कन नाई पोटात, अन् इथं मरायले बसली!"

वेणू माझ्याकडे बघत राहिली. तोंड वेडंवाकडं झालं तिचं. पदरानं नाक पुसून ती माझा हात धरून उठली आणि उठता उठता म्हणाली,

"अजून एक दे."

मी दिली. रस्ताभर देत आले.